दोन ‘अर्नाळा’

18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत ‘आयएनएस अर्नाळा’ नौदलात दाखल झाली, आणि गारखेड्यातल्या आमच्या वयाच्या काही माणसांना आठवण झाली ती जुन्या ‘अर्नाळा’ची. नाव तेच, वैतरणेच्या मुखाशी उभ्या असलेल्या, वसईजवळच्या जलदुर्गाचं. काम तेच, पाणबुड्या हुडकून काढण्याचं. पण जुनी ‘अर्नाळा’ 1972 साली सोव्हिएत रशियाकडून आली आणि 1999 साली निवृत्त झाली. नवी आपल्याच देशात बांधली गेली, कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने एल अँड टी कंपनीबरोबर, चेन्नईजवळच्या कट्टुपल्लीच्या गोदीत. एक निवृत्त झाली तेव्हा आम्ही ऐन कर्तेपणात होतो, दुसरी पाण्यात उतरली तेव्हा आमचं पेन्शन सुरू झालेलं होतं.

तसा गारखेड्याचा आणि समुद्राचा संबंध नाही. मुंबईचा किनारा इथून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. आमच्या लहानपणी गारखेडा म्हणजे औरंगाबादबाहेरचं शिवार: ज्वारी-बाजरीची रानं, विहिरी आणि पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे. पाणी म्हणून आम्हाला एवढंच ठाऊक. पुढे 1976 साली जायकवाडी झालं, पैठणला नाथसागराच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसेना, आणि समुद्र असाच असणार अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. आज त्या शिवारात विभागीय क्रीडा संकुल आहे, सूतगिरणी चौकात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही, शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे, आणि विहिरी बहुतेक बुजल्या आहेत.

तरी युद्धनौकांचं वेड आम्हाला लागलं, याचं कारण आमचा धंदा. आमच्यातले बरेचजण शासकीय तंत्रनिकेतनात नाहीतर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, पुढे वाळूज अशा एमआयडीसीत लागले. लोखंड कापायचं, वाकवायचं, जोडायचं, हेच आयुष्यभराचं काम. त्यामुळे युद्धनौका दिसली की लोक तोफा बघत आणि आम्ही जोड बघत असू. एवढं अवजड लोखंड तरंगतं कसं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. ते एवढं देखणं वाकवलं कुणी, हा प्रश्न पुस्तकाच्या बाहेरचा होता.

तेव्हा युद्धनौका दिसायची टॉकीजमध्ये. अंबा-अप्सराला सिनेमा सुरू होण्याआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट लागे, त्यात कधीतरी अर्धा-पाऊण मिनिट माझगाव गोदीतलं जलावतरण दाखवत. पाहुण्या बाई नारळ फोडतात, अडसर निघतात, सबंध सांगाडा उतारावरून पाठमोरा घसरत पाण्यात शिरतो आणि मोठी लाट उठते. त्या पाऊण मिनिटासाठी आम्ही धावतपळत, जाहिराती सुरू व्हायच्या आत टॉकीजला पोचायचो. पडद्यावर लाट उठली की थिएटरात टाळ्या पडत. आता जलावतरण फोनवर थेट दिसतं, पुन्हा पुन्हा बघता येतं, थांबवून एकेक जोड मोठा करून पाहता येतो. 30 नोव्हेंबर 2023 रोजी कोचीनला ‘माहे’, ‘मालवण’ आणि ‘मांगरोळ’ अशा तीन नौकांचं जलावतरण एकाच दिवशी झालं. आम्ही ते घरात बसून पाहिलं. दिसलं कितीतरी जास्त, पण टाळी काही वाजली नाही, कारण शेजारी कुणी नव्हतं.

यात आमच्या काळाची फुशारकी मारण्यासारखं काही नाही. त्या पाऊण मिनिटातून आम्हाला काहीही कळत नसे. नौका किती लांबीची, इंजिन कुठलं, पोलाद कुणाचं, यातलं एक अक्षर वार्तापटात नसे. वर्गातला कुणीतरी मुंबईच्या मामाकडून ऐकलेलं सांगायचा आणि आम्ही ते वेदवाक्य मानायचो. आज बारावीतला मुलगा सांगतो की नवी ‘अर्नाळा’ 77 मीटर लांब आहे, डिझेल इंजिन आणि वॉटरजेटवर चालणारी भारतीय नौदलातली सर्वांत मोठी युद्धनौका आहे, तिच्यात 80 टक्क्यांहून जास्त सामग्री देशी आहे आणि 55 हून अधिक लहान-मध्यम उद्योगांचा तिला हात लागला आहे. त्याचं ज्ञान पक्कं आहे. आमचं कुतूहल मोठं होतं, ज्ञान नव्हतं.

पण नौका बांधण्याची जी रीत गेली, तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण ती आता कुणी सांगत नाही.

जहाजाच्या अंगाला सरळ रेघ जवळपास नसतेच. पुढचं नाक, पोट, मागची बाजू, सगळीकडे बाक, आणि दर हाताला बदलणारा बाक. कागदावर तो लहान मापात काढता येतो, पण लहान मापातली केसाएवढी चूक प्रत्यक्षात बोटभर होते. म्हणून जुन्या गोद्यांमध्ये एक प्रचंड माळा असे, त्याची जमीन गुळगुळीत रंधलेल्या लाकडी फळ्यांची. त्या जमिनीवर जहाजाच्या आकृत्या पूर्ण मापात, एकास एक काढत. नकाशावरून मोजलेले बिंदू जमिनीवर मारायचे, लाकडाची लांब लवचीक पट्टी त्या बिंदूंवरून वाकवायची, ती हलू नये म्हणून जागोजागी वजनं ठेवायची, आणि मग गुडघ्यांवर बसून पट्टीच्या कडेने रेघ ओढायची. रेघ ओढून झाली की म्हातारा कारागीर जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून त्या बाकावरून नजर टाकायचा. कुठे फुगवटा असेल तर तो मापाआधी नजरेला कळायचा. मग त्या रेघांवरून पातळ लाकडाचे फर्मे कापायचे, फर्मे प्लेटीवर ठेवून खडूने आखणी करायची, आणि गॅस कटरवाला त्या खडूच्या रेघेवरून ज्योत फिरवायचा.

आम्ही कॉलेजात जे ड्रॉइंग शिकलो ते याच घराण्यातलं. सागवानी बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर घासून पाचरीसारखं करायचं, आणि ट्रेसिंग पेपरवर घामाचा थेंब पडू नये म्हणून मनगटाखाली रुमाल. मग अमोनिया प्रिंट काढायची. त्या खोलीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि नुकती निघालेली दमट, जांभळट रेघांची प्रिंट हातात आली की ते पाणी विसरायला व्हायचं. एक बोल्ट बदलला तर ब्लेडने ट्रेसिंग खरवडा, पुन्हा काढा, पुन्हा प्रिंट. वेळ जायचा, चुका राहायच्या, वरच्या मजल्यावर सुधारलेली प्रिंट खालच्या शॉपमध्ये पोचेपर्यंत जुन्या प्रिंटवर माल तयार झालेला असायचा. पण बोर्डासमोर तासन् तास उभं राहिल्यावर तो भाग आमच्या अंगात उतरायचा. झोपेतून उठवून विचारलं तरी त्याचं कुठलंही माप सांगता यायचं.

आता युद्धनौका आधी संगणकात बांधतात, सगळीच्या सगळी. कुठली नळी कुठल्या केबलला आडवी येते, कुठल्या दारातून कुठलं यंत्र आत जाणार नाही, हे पोलाद कापण्याआधी पडद्यावर दिसतं. तिथून माप सरळ कापणीच्या यंत्रात जातं. खडू नाही, फर्मा नाही. नौकेचे मोठमोठे खंड वेगवेगळ्या शेडमध्ये तयार होतात. खंड उलटा ठेवून वेल्डिंग करतात, म्हणजे वेल्डरला डोक्यावर ज्योत धरावी लागत नाही. आतल्या नळ्या, केबलींचे मार्ग, कधी कधी यंत्रंसुद्धा आधीच बसवतात, आणि मग क्रेनने खंड उचलून एकाला एक जोडतात. पूर्वी तळकण्यापासून सुरुवात करून बरगड्या उभ्या करत, सांगाडा रोज थोडा थोडा उंच होताना दिसायचा. आता बरेच दिवस काही दिसत नाही आणि एका आठवड्यात नौका उभी राहते. पोलादही बदललं. युद्धनौकेसाठी लागणारं खास पोलाद आपण परदेशातून आणत होतो. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने घडवलेलं डीएमआर 249ए हे पोलाद आता आपल्याच कारखान्यांत निघतं.

यातली कुठली रीत चांगली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोक्यावर ज्योत धरून जहाजाच्या पोटात धुरात वेल्डिंग केलेल्या माणसाला विचारा, तो जुन्या रीतीचं नाव काढणार नाही. तरी त्या लाकडी जमिनीसाठी जीव तुटतो. संगणकाला बाक काढायला शिकवणाऱ्या गणितज्ञांनी बिंदूंमधून जाणारी रेघ कशी हवी हे ठरवताना त्याच वाकलेल्या लाकडी पट्टीचं वागणं समीकरणात उतरवलं. म्हणजे आज पडद्यावर माऊसने ओढलेली रेघ ज्या नियमाने वळते, तो नियम गुडघ्यांवर बसलेल्या त्या माणसांच्या पट्टीचा आहे. पट्टी गेली आणि ती धरणारे हातही गेले. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

त्याच्याही मागे गेलं तर किनाऱ्यावरच्या युद्धनौकेचं आपलं शास्त्र फार जुनं आहे. शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. पुढे आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही जोडी कोकण किनाऱ्यावर गाजली. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, पुढे नाकाडासारखी निघालेली. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी अडकायचं आणि गलबतं वल्हवत गुराबांना ओढून त्याच्यामागे नेऊन उभी करायची. संकट आलं तर उथळ खाडीत शिरायचं, जिथे मोठ्या जहाजाचा तळ घासतो. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटन खाडीच्या काठावर खडकात कोरलेली मराठ्यांची गोदी आजही पाहायला मिळते. तळ उथळ ठेवायचा आणि किनारा घराच्या अंगणासारखा ओळखीचा करायचा, हे सूत्र तेव्हाचं.

नव्या ‘अर्नाळा’चा तळ पाण्यात जातो तो जेमतेम 2.7 मीटर, म्हणजे नऊ फूट. सूत्र तेच आणि साधन मात्र पार निराळं. तिला मागे फिरणारा उघडा पंखा नाही. तळाच्या तोंडातून पाणी आत ओढायचं, आतल्या चक्राने त्याला जोर द्यायचा आणि मागून झोताने फेकायचं. झोताची दिशा बदलली की नौका वळते. 25 नॉट, म्हणजे ताशी साधारण 46 किलोमीटरचा वेग त्यातून मिळतो. कोळ्यांची जाळी पसरलेल्या पाण्यात उघडा पंखा ही मोठी अडचण असते, तिचा धोका यात कमी होतो. गलबतावरचे वल्हेकरी घामाने जे करत, ते आता डिझेल करतं. वल्हेकऱ्यांची पिळवणूक किती होती हे बखरींत येत नाही, म्हणून ती नव्हती असं समजायचं कारण नाही.

मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून आले, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजं बांधली. त्यातलं 1817 सालचं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. त्या काळी तळकणा बसवताना त्यात रुप्याचा खिळा ठोकायची रीत होती. सागवानात खोलवर गेलेला तो खिळा पुन्हा कुणाला दिसणार नसायचा, तरी ठोकायचा. आता पोलादाच्या नौकेत खिळा कुठे ठोकणार? पहिला खंड जागेवर ठेवताना पूजा होते, जलावतरणाला नारळ फुटतो, तेवढं राहिलं आहे. 2 सप्टेंबर 2022 पासून नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, हेही आम्हाला मनापासून आवडलं. रुप्याचा खिळा मात्र गेला तो गेलाच.

आता जुन्या ‘अर्नाळा’कडे यायला हवं. तिच्या जातीच्या नौका आपण साठच्या दशकाच्या अखेरीपासून रशियाकडून घेत होतो. आपले नौसैनिक रशियात जाऊन, रशियन शिकून, तिथल्या थंडीत प्रशिक्षण घेऊन त्या घेऊन येत. तिच्याच जातीच्या ‘किल्टन’ आणि ‘कछाल’ या दोन नौका 4 डिसेंबर 1971 च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र बोटींबरोबर कराचीवर चालून गेल्या. त्या बोटी लहान, लांबच्या पल्ल्याला इंधन पुरेना, म्हणून वाटेत त्यांना ओढून नेलं. रेडिओवर आपली माणसं रशियनमध्ये बोलली, म्हणजे ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. आम्ही तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी ऐकून आम्ही शिवारातल्या विहिरीत कागदी होड्या सोडल्या आणि त्यांच्यावर दगड मारून कराची बुडवली. आमच्या आठवणीतलं 1971 एवढंच उजळ आहे.

खरं 1971 एवढंच नव्हतं. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिलं आणि ते नौकेबरोबर राहिले. त्यांच्या शौर्याची गोष्ट आम्हाला शाळेत सांगितली गेली, आणि ती सांगितलीच पाहिजे. पण ‘खुकरी’चा सोनार, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र, जेवढं ऐकू शकत होता त्यापेक्षा ‘हंगोर’चा सोनार कितीतरी लांबचं ऐकत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आपण शोधायला निघालो होतो आणि ज्याला शोधायचं तो आधीच आपल्याला ऐकत होता. जुन्याबद्दल हळहळ वाटू लागली की मी हा आकडा आठवतो: 194 माणसं. जुनं यंत्र कुणाला कितीही प्रिय असो, त्याच्या भरवशावर पोरं पाठवायची नसतात.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुडी ऐकणं हे फार अवघड काम आहे. आवाज समुद्रात सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून अधिक, पण सरळ धावत नाही. दुपारी ऊन चढलं, वरचं पाणी तापलं, की आवाजाची वाट खाली वाकते. सकाळी नौकेच्या तळाच्या सोनारला जे लांबून ऐकू येतं, तेच दुपारी ऐकू येईनासं होतं. शिवाय तळ जवळ असल्याने प्रत्येक हाकेचे दहा प्रतिध्वनी येतात, कोळ्यांच्या बोटींची इंजिनं धडधडत असतात, आणि उबदार पाण्यातले एक प्रकारचे छोटे झिंगे आपल्या नांग्यांनी टकटक करतात. हजारो झिंग्यांचा मिळून तो आवाज फोडणीत मोहरी तडतडावी तसा अखंड येत राहतो. या सगळ्या गोंधळात पाणबुडी लपते. नव्या ‘अर्नाळा’वर म्हणून तळाच्या सोनारबरोबर केबलने खोल सोडायचा सोनार आहे. वरचा तापलेला थर ओलांडून त्याला खाली उतरवायचं आणि पाणबुडी ज्या थराखाली दडते तिथेच जाऊन ऐकायचं. हाताशी पाणतीर, पाणबुडीविरोधी रॉकेटं, सुरुंग आणि 30 मिलिमीटरची तोफ. अशा 16 नौकांचा करार 2019 साली झाला, निम्म्या कोलकात्याच्या आणि निम्म्या कोचीनच्या गोदीला. त्यांतली ‘माहे’ 24 नोव्हेंबर 2025 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. एकीचं नाव ‘मालवण’ आहे, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगताना फार बरं वाटतं.

जुन्या नौकांवर हे ऐकायचं काम मुख्यतः कानाचं होतं. सोनारच्या कोठडीत हेडफोन लावून बसलेला विशीतला मुलगा ‘पिंग’ गेल्यानंतर परतीच्या आवाजाची वाट बघायचा. परत आलेला आवाज गेलेल्यापेक्षा किंचित चढा असेल तर समोरची वस्तू जवळ येते आहे, उतरता असेल तर लांब जाते आहे, आणि तसाच असेल तर तो खडक असू शकतो किंवा बुडालेलं गलबत, नाहीतर आडवी चाललेली पाणबुडी. हा फरक सुरातला. गाणं शिकलेली मुलं यात पटकन तयार होत असत, असं आमच्या गल्लीतला एक नौसैनिक सांगायचा. दिवाळीत सुटीवर आला की तो गच्चीवर डोळे मिटून बसायचा आणि सूतगिरणीच्या बाजूने येणारा ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे अचूक ओळखायचा. आम्ही पोरं खाली धावत जाऊन खात्री करून यायचो.

आज त्या कोठडीत पडदे आहेत. संगणक आवाज वेगवेगळा करतो, झिंग्यांची तडतड बाजूला काढतो, ओळखीच्या इंजिनांच्या खुणा साठवलेल्या असतात त्यांच्याशी ताडून पाहतो, आणि रंगीत रेघांतून दाखवतो. माणसाचा कान चार तासांच्या पहाऱ्यात थकतो, यंत्राचा थकत नाही. 194 माणसांचं ओझं मनात असलेल्या कुणीही यंत्राच्याच बाजूने कौल द्यावा. मीही देतो. पण सुरावरून शत्रूची चाल ओळखणारा विशीतला कान ही एका देशाने कष्टाने तयार केलेली गोष्ट होती. तो कान आता पूर्वीइतका लागत नाही म्हणून वाईट वाटतं, आणि तसं वाटणं मी कमीपणाचं मानत नाही.

‘गोदावरी’चंही तसंच. 10 डिसेंबर 1983 रोजी माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस गोदावरी’ नौदलात आली, आराखडा आपल्याच लोकांनी केलेली ती पहिली मोठी फ्रिगेट. पैठणची नदी समुद्रात युद्धनौका झाली, म्हणून आम्ही पेढे वाटले. ती वाफेवर चालायची. बॉयलर रूममध्ये पन्नाशीच्या आसपास तापमान, गळक्या जोडातून सुटलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि हात भाजून काढते, नौका निघायच्या कित्येक तास आधी वाफ धरायला बसावं लागे. 2015 च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली. डिझेलवाल्या नव्या नौकेचं इंजिन बटण दाबल्यावर सुरू होतं. वाफ धरणाऱ्या माणसांची जी जमात होती, इंजिनाच्या आवाजात खुणांनी बोलणारी, तोंडात मिठाची गोळी ठेवून पहारा काढणारी, ती आता कमी होत चालली आहे. त्या खोलीत पुन्हा कुणाला पाठवायचं का, असं विचाराल तर नाही.

आमच्या वेळी इथली मुलं नौदलात जात, पण वाट सापडायला वेळ लागे. 1977 साली आपल्या शहरात सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था निघाली आणि मराठवाड्यातल्या मुलाला खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा रस्ता कळला. मुलगाच. मुलींचा युद्धनौकेशी संबंध जलावतरणाला नारळ फोडणाऱ्या बाईंपुरता आणि पत्र लिहिणाऱ्या आईपुरता. डिसेंबर 2023 मध्ये प्रेरणा देवस्थळी या मराठी नावाच्या अधिकाऱ्याकडे ‘आयएनएस त्रिंकट’ या गस्ती युद्धनौकेची कमान सोपवल्याचं जाहीर झालं. आपल्या नौदलातल्या युद्धनौकेच्या त्या पहिल्या महिला कमांडर. 2022 पासून अग्निवीर म्हणून मुली खलाशीपदावरही भरती होऊ लागल्या आहेत. क्रीडा संकुलाच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलींपैकी काहीजणींचं ध्येय तेच आहे. आमच्या जुन्या काळातलं एकही सुख या एका गोष्टीच्या वजनाला पुरणार नाही.

पत्राचं मात्र सांगतो. पोरगा बोटीवर गेला की पत्त्यात गाव नसे. नाव, हुद्दा, नंबर, नौकेचं नाव, आणि ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. पत्र म्हणजे साधं अंतर्देशीय. त्यात जागा कमी म्हणून आई कडेकडेने उभं लिहायची, घडीच्या आतल्या पट्टीवर धाकट्या बहिणीचा निरोप. उत्तर दोन-दोन महिने यायचं नाही. यायचं तेव्हा एकदम तीन-चार यायची आणि कुठलं आधी लिहिलं हे तारखांवरून लावावं लागायचं. सुटी मिळाली की मुंबईहून मनमाडपर्यंत ब्रॉडगेज आणि तिथे ट्रंक डोक्यावर घेऊन मीटरगेजच्या गाडीत. कुठल्या दिवशी येणार हे नक्की नसल्याने घरातलं कुणीतरी सलग दोन-तीन दिवस स्टेशनावर जायचं. त्या वाट पाहण्याला आम्ही गोड म्हणतो, पण तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की नौसैनिकाच्या आईचा चेहरा कसा व्हायचा हेही आम्ही पाहिलं आहे. 2013 साली तार बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली, त्या आयांपैकी कुणीही केली नाही.

आज आमच्याच इमारतीतल्या एका घरातली मुलगी नौदलात आहे. बंदरात असली की रोज व्हिडिओ कॉल, आईला ती काय जेवली तेसुद्धा ठाऊक. पण नौका समुद्रात गेली की फोन लागत नाही, कुठे गेली हे सांगायचं नसतं, आणि किती दिवस हेही नाही. परवा तिची आई विचारत होती, तुमच्या वेळच्या बायका इतके महिने काय करायच्या हो? मी म्हटलं, लिहायच्या. पोचणार कधी याचा विचार न करता रोज थोडं लिहून ठेवायच्या. तिने वही आणली आहे. मुलीला पाठवायचं की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही. पहिल्या पानावर तिने टाकीत पाणी किती आलं ते लिहिलं आहे आणि धाकट्याचे सहामाहीचे मार्क.